पायोनियरची पाटी आणि व्हॉयेजरची तबकडी: गल्लत नेमकी कुठे होते

नग्न स्त्री-पुरुषाचे रेखाचित्र आणि खाली ‘व्हॉयेजरवरची सोनेरी तबकडी’ अशी ओळ, अशी चित्रे समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. हे रेखाचित्र व्हॉयेजरच्या तबकडीवर कोरलेले नाहीच. ते आहे पायोनियर १० (१९७२) आणि पायोनियर ११ (१९७३) या यानांवरच्या पाटीवर. तबकडी गेली १९७७ साली, दोन्ही व्हॉयेजर यानांबरोबर. पाटी काय, तबकडी काय, दोन्ही म्हणजे सूर्यमालेबाहेर निघालेल्या नासाच्या यानांवरचे परग्रहवासीयांसाठीचे निरोप.

घोळ व्हायला कारण आहे. दोन्हींमागे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि फ्रँक ड्रेक, दोन्ही दिसायला सोनेरी, आणि पाटीवरचा, सूर्याचा ठाव सांगणारा नकाशा तबकडीच्या झाकणावर पुन्हा कोरलेला. हायड्रोजनच्या अणूची खूण ही त्याची मोजपट्टी: या अणूतून निघणाऱ्या रेडिओलहरीवरून लांबीसाठी २१ सेंटिमीटर, वेळेसाठी ०.७ नॅनोसेकंद. सूर्यापासून १४ पल्सारांकडे (स्वतःभोवती फिरताना ठरावीक लयीत रेडिओझोत फेकणाऱ्या ताऱ्यांकडे) रेषा जातात आणि प्रत्येक रेषेवर त्या पल्सारचा आवर्तनकाळ द्विमान अंकांत (दोनच खुणांनी लिहिलेल्या) दिलेला आहे. पल्सार काळानुसार मंदावतात, त्यामुळे यान कुठून निघाले आणि साधारण केव्हा, ही दोन्ही उत्तरे त्यातून निघतात. मेख एवढीच की पल्सारचा झोत सगळीकडे पोचत नाही; दुसऱ्या ताऱ्यावरून त्यातले काही दिसायचेच नाहीत.

पाटी म्हणजे २२९ × १५२ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. त्यावर सोन्याचा मुलामा नाही, अ‍ॅनोडायझिंगने (विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवून) आलेला सोनेरी रंग आहे. वाचायला यंत्र लागत नाही. बाईच्या शेजारी द्विमान पद्धतीत ८ लिहिले आहे. ८ गुणिले २१ म्हणजे १६८ सेंटिमीटर, ही तिची उंची. मागे यानाची आकृती त्याच प्रमाणात काढलेली असल्यामुळे प्रत्यक्ष यान मोजून हा आकडा ताडून पाहता येतो. खाली नऊ ग्रह (प्लूटो तेव्हा ग्रहच होता) आणि गुरूजवळून बाहेर पडणारा यानाचा मार्ग. तो मार्ग पायोनियर १० चा. पायोनियर ११ वरही हुबेहूब तीच पाटी आहे, पण ते यान १९७९ मध्ये शनीजवळूनही गेले. म्हणजे त्याच्या पाटीवरचा रस्ता चक्क चुकीचा आहे.

तबकडीचे काम निराळे. ती सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची, १२ इंची. नुसती पाहून काही कळत नाही, वाजवावी लागते. म्हणून सोबत सुई आणि कार्ट्रिजही (सुई बसवायचा भाग) दिले आहे. गती मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे एका फेरीला ३.६ सेकंद. हा आकडा झाकणावर हायड्रोजनच्या मापात कोरला आहे. नेहमीच्या ३३⅓ गतीने लावली तर सगळे दुप्पट वेगाने धावेल: केसरबाई केरकरांच्या भैरवीतले ‘जात कहाँ हो’ एक सप्तक वर चढेल आणि चित्रांचे हिशेब कोलमडतील.

कारण चित्रेही आवाजाच्याच रूपात भरलेली आहेत. एका चित्राच्या ५१२ उभ्या रेघा, प्रत्येक रेघ सुमारे ८ मिलिसेकंदांची. त्या शेजारी शेजारी मांडायच्या. पहिले चित्र मुद्दाम साध्या वर्तुळाचे आहे; ते लंबगोल आले तर रुंदी-उंचीचे प्रमाण चुकले समजायचे. रंगीत चित्रासाठी तांबडी, हिरवी आणि निळी अशी लागोपाठ तीन चित्रे एकावर एक बसवायची. एवढा खटाटोप जमला तर ११५ चित्रे, सुमारे ९० मिनिटांचे संगीत आणि मराठीसह ५५ भाषांतले नमस्कार हाती लागतात. नग्न स्त्री-पुरुषाचे छायाचित्र मात्र नाही. पाटीवरून टीका झाली होती, तेव्हा नासाने या वेळी नकार दिला आणि नुसती छायाकृती गेली.

आमच्या मते तबकडीपेक्षा तिचे झाकणच जास्त हुशारीचे. वाजवण्याची कृती, चित्र जुळवण्याची कृती आणि पल्सारचा नकाशा तर त्यावर आहेच, शिवाय युरेनियम-२३८ चा थरही आहे. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षे. किती युरेनियम उरले ते मोजले की किती काळ लोटला ते कळते. पाटीला असे दुसरे घड्याळ नाही, तिची सगळी भिस्त पल्सारांवर.

सूर्यमालेबाहेर निघालेले पाचवे यान न्यू होरायझन्स. त्यावर यांतले काहीच नाही, ना पाटी ना तबकडी. प्लूटो शोधणाऱ्या क्लाइड टॉम्बॉ यांच्या थोड्या अस्थी आहेत.