तरुण पेशींना म्हाताऱ्या मेंदूचा आजार कुठून लागला?

पार्किन्सनमध्ये डोपामिन (हालचाल नीट ठेवणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात, मग नव्या पेशीच मेंदूत बसवल्या तर? १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमध्ये डॉक्टरांनी खरंच असं केलं, भ्रूणाच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी पेशंटच्या मेंदूत सोडल्या, पुढे अमेरिकेतही झालं. काहींना फरक पडला, काहींना नाही. खरी गंमत नंतरच आहे. त्यातले काही पेशंट वारल्यावर त्यांचे मेंदू तपासले आणि २००८ साली वेगवेगळ्या टीम्सनी सांगितलं की ११ ते १६ वर्षं वयाच्या त्या पेशींपैकी काहींमध्ये लुई बॉडीज सापडल्या, म्हणजे पार्किन्सनच्या पेशीत दिसतात ना, तसेच प्रोटीनचे गोळे. आता इतक्या लहान पेशींना हे स्वतःहून होणं अवघडच, म्हणजे बहुतेक शेजारच्या आजारी पेशींकडून काहीतरी आत आलं.

ते काहीतरी म्हणजे अल्फा-सिन्यूक्लिन. एरवी हे १४० अमिनो आम्लांचं साधंसं प्रोटीन, चेतापेशीच्या टोकाशी सैलसर फिरत असतं. पण कधीकधी त्याची घडी चुकते, आणि चुकलेला रेणू चांगल्या रेणूलाही स्वतःसारखाच वाकवतो, अगदी साच्यासारखा, मग एकाला एक चिकटून लांब धागा होतो. धागा तुटला की संपलं असं नाही, उलट प्रत्येक तुकड्याला नवी टोकं मिळतात आणि त्या टोकांवर परत वाढ सुरू! म्हणून वेग वाढतच जातो.

एका पेशीतून दुसरीत जायचे रस्ते बरेच आहेत. काही तुकडे उघडेच बाहेर पडतात, काही बारीक पिशव्यांतून जातात, काही दोन पेशींमधल्या अतिसूक्ष्म नळ्यांतून. शेजारची पेशी त्यांना गिळते आणि पचवायला लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या आतल्या पचनाच्या पिशवीकडे पाठवते, बहुतेक तिथंच संपतात, पण एखादा तुकडा जरी त्या पिशवीची भिंत फोडून निसटला तरी साच्याचं काम चालू होतं.

२०१२ मध्ये अमेरिकेत लॅबमध्ये बनवलेले असे धागे धडधाकट उंदरांच्या मेंदूत एकदाच टोचले. काही महिन्यांत जोडलेल्या दूरच्या भागांतही गोळे दिसले, डोपामिनच्या पेशी मेल्या, हालचाल बिघडली. ना व्हायरस ना म्युटेशन, नुसतं प्रोटीन!

अल्झायमरमधलं टाउ प्रोटीनही असंच, आणि ते जवळच्या भागात नाही तर वायरिंग जिथं नेईल तिथं जाताना दिसतं. सुरुवात बहुतेकदा एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स नावाच्या मेंदूच्या भागात, तिथून हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी तयार करणारा भाग, म्हणून आधी नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत.

घाबरू नका, पेशंटजवळ बसून, त्याची सेवा करून हे आजार लागत नाहीत. अपवाद अगदी विचित्र, मृतदेहातून काढलेलं ग्रोथ हॉर्मोन पूर्वी मुलांना टोचायचे, १९८५ मध्ये ते थांबलं, त्यातल्या काहींच्या मेंदूत नंतर अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं दुसरं प्रोटीन सापडलं.

मग बाहेर पडलेलं टाउ अँटिबॉडीने वाटेतच धरावं हे ओघानं आलंच, पण गोसुरानेमॅबसारखी औषधं ट्रायलमध्ये फेल गेली. मला तरी वाटतं अडचण जागेची असावी, प्रोटीनचा मोठा साठा पेशीच्या आत असतो आणि अँटिबॉडी मुख्यतः बाहेरच फिरते. म्हणून आता काही जण मुळातच टाउ कमी बनावं म्हणून त्याच्या आरएनएवर, म्हणजे ते बनवायची सूचना पोचवणाऱ्या रेणूवर मारा करतायत, आणि पहिल्या छोट्या ट्रायलमध्ये पाठीच्या कण्यातल्या पाण्यात टाउ खरंच कमी झालेलं दिसलं.