कॉल कुणाचा, हे सांगणार कोण?

अनोळखी नंबर दिसला की आपण तो ॲपमध्ये किंवा सर्चमध्ये टाकतो आणि दोन-चार सेकंदांत एखादं नाव पुढे येतं. त्या नावावर विश्वास ठेवून आपण फोन घेतो, कापतो किंवा ब्लॉक करतो. ते नाव तिथे लिहिलं कुणी, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. या सगळ्या प्रकाराची जवळपास दीडशे वर्षांची वाटचाल पाहिली तर खरा वाद कायम याच प्रश्नावर झालेला दिसतो.

1878 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पुढच्याच महिन्यात, 21 फेब्रुवारीला, तिथल्या ग्राहकांची यादी छापली गेली. एका कागदावर पन्नास नावं, आणि नंबर एकही नाही. गरजही नव्हती, कारण फोन उचलून ऑपरेटरला नाव सांगितलं की तो तार जोडून द्यायचा. कोण कुणाशी बोलतंय हे त्याला आपोआप कळायचं. म्हणजे कॉल करणाऱ्याची ओळख तेव्हा माणसाकडे होती.

नंबर आले ते 1879 च्या सुमारास, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल इथे. गावात गोवराची साथ होती. सगळे ऑपरेटर एकदम आजारी पडले तर नवख्या माणसाला ही सगळी नावं पाठ कशी असणार, अशी काळजी डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांना वाटली, आणि प्रत्येक ग्राहकाला नंबर द्यावा असं त्यांनी सुचवलं. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. ग्राहक कोण आहे हे माहीत नसलं तरी काम अडू नये, यासाठीच नंबर जन्माला आला. तो तारेचा पत्ता होता, माणसाची ओळख नव्हती. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

उरलेला मानवी दुवा ऑल्मन स्ट्रोजर यांनी काढून टाकला. ते अंत्यसंस्काराच्या व्यवसायात होते आणि ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्यांना संशय होता, असं सांगतात. 1891 मध्ये त्यांना स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळालं आणि 1892 मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट इथे असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. मधला माणूस गेला, तसा कॉल करणारा खऱ्या अर्थाने अनोळखी झाला. आता घंटी वाजली की रिसीव्हर उचलून ‘कोण बोलतंय?’ विचारायचं आणि समोरचा सांगेल त्यावर भरवसा ठेवायचा, एवढंच हातात होतं.

याची सर्वांत मोठी किंमत मोजली ती धमक्यांचे आणि अश्लील फोन येणाऱ्यांनी. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये कॉल ट्रेस करणं म्हणजे अक्षरशः पायी चालत माग काढणं होतं. तक्रारदाराच्या लाइनपासून तंत्रज्ञ उलटा निघायचा. या स्विचला जोडणी कुठल्या स्विचवरून आली, त्याला त्याच्या आधीच्या कुठल्या, असं करत तो रॅकच्या रांगांमधून मागे मागे जायचा. कॉल दुसऱ्या एक्स्चेंजमधून आलेला असेल तर तिथल्या माणसाला फोन करून पुढचा शोध त्याच्यावर सोपवायचा. हे चालू असेपर्यंत जोडणी टिकायला हवी. कॉल करणाऱ्याने फोन ठेवला की बहुतेक वेळा माग तिथेच संपायचा. म्हणून जिला धमकी येते आहे तिलाच सांगितलं जायचं, की त्याला बोलतं ठेवा. त्रास देणारा निर्धास्त आणि त्रास सोसणारीवर आणखी बोजा, अशी ही व्यवस्था कित्येक दशकं चालली.

नंबर आधीच हाती असेल तर दुसरी वाट होती, ती म्हणजे उलट डिरेक्टरी. नेहमीच्या फोन डिरेक्टरीतली माहिती नावाऐवजी नंबरच्या क्रमाने लावलेली. अशी पुस्तकं पोलीस, वृत्तपत्रांची कार्यालयं आणि वसुली करणाऱ्या कंपन्या यांच्याकडे असायची, सामान्य ग्राहकाच्या घरी क्वचितच.

कॉल येतानाच नंबर दिसावा यासाठीचे प्रयत्न 1960 च्या दशकाअखेरीस सुरू झाले. थिओडोर पारास्केवाकोस या ग्रीक अभियंत्याने 1968 मध्ये अथेन्समध्ये त्यावर काम सुरू केलं. पुढे त्याला अमेरिकेत पेटंटही मिळालं. जपानमध्ये काझुओ हाशिमोतो यांनी 1970 च्या दशकात नंबर दाखवणारं उपकरण बनवलं. पण घराघरांत ही सोय पोहोचायला एक्स्चेंज संगणकीकृत होऊन त्यांनी एकमेकांना नंबर कळवणं गरजेचं होतं. ते जमल्यावर 1987 मध्ये न्यू जर्सीत कॉलर आयडीची सेवा ग्राहकांना मिळू लागली.

पहिली घंटी वाजते आणि दुसरी वाजायची असते, त्या मधल्या शांततेत एक्स्चेंज तारेवरून सुरांच्या रूपात नंबर पाठवतं, सेकंदाला 1200 बिट या वेगाने. फोनशेजारची डबी ते सूर ऐकून पडद्यावर आकडे दाखवते. नावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. अमेरिकन पद्धतीत नाव कॉलसोबत येतच नाही. कॉल जिथे पोहोचतो ती कंपनी आलेला नंबर नंबर-नावांच्या एका साठ्यात शोधते आणि तिथे सापडलेलं नाव, जास्तीत जास्त 15 अक्षरचिन्हांचं, ग्राहकाला दाखवते. म्हणजे नाव दाखवण्यामागे पहिल्यापासून नंबर शोधणंच होतं, फक्त ते कंपनी करत होती.

या सोयीचं सरसकट स्वागत झालं नाही, आणि विरोध करणाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं. छळाला कंटाळून घर सोडलेली स्त्री मुलांशी बोलायला फोन करते, तेव्हा तिचा ठावठिकाणा उघडा पडतो. घरून रुग्णाला फोन करणारा डॉक्टर, पोलिसांना खबर देणारा माणूस, यांचंही तेच. पेनसिल्व्हेनियात 1990 मध्ये न्यायालयाने ही सेवा राज्याच्या फोन-टेहळणीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवली आणि 1992 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. यातून पुढे आला तो नंबर लपवण्याचा पर्याय, अमेरिकेत *67 आणि ब्रिटनमध्ये 141. ब्रिटनमध्ये 1994 मध्ये कॉलर आयडीची सेवा आली तेव्हा 1471 लावून शेवटच्या कॉलचा नंबर ऐकण्याची सोयही मिळाली.

त्याच सुमारास एका वेगळ्याच खटल्याने उलट शोधाचं दार उघडलं. ग्राहकांची नावं वर्णानुक्रमे लावण्यात कसलीही स्वतंत्र निर्मिती नाही, त्यामुळे अशा यादीवर कॉपीराइट नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये फाइस्ट प्रकरणात ठरवलं. मग डिरेक्टऱ्या उतरवून सीडीवर विकण्याचा धंदा फोफावला. प्रोसीडी या कंपनीने तीन हजारांवर डिरेक्टऱ्या एकत्र केल्या. एका विद्यार्थ्याने तो साठा इंटरनेटवर टाकला, त्यावरून झालेल्या खटल्याचा निकाल 1996 मध्ये कंपनीच्या बाजूने लागला, कॉपीराइटवरून नव्हे, तर सीडीसोबतच्या परवान्याच्या अटींवरून. पण संगणकात यादी आली की ती नावाने शोधा नाहीतर नंबरने, कष्ट सारखेच. उलट डिरेक्टरी ही खास वस्तू उरली नाही.

मोबाइल आला आणि हा सगळा डोलारा निकामी झाला, कारण मोबाइल नंबर बहुतेक ठिकाणी डिरेक्टरीत छापलेच जात नव्हते. ही पोकळी भरून काढली ती लोकांच्या फोनबुकांनी. स्टॉकहोममध्ये ॲलन मामेदी आणि नामी झर्रिंगहालाम या दोन विद्यार्थ्यांनी 2009 मध्ये ट्रूकॉलर सुरू केलं. अशा ॲपचा मोठा आधार म्हणजे वापरणाऱ्यांनी पुरवलेली माहिती: संपर्कयादीतली नावं, सुचवलेली नावं आणि ‘स्पॅम’ म्हणून केलेल्या नोंदी. एखाद्याचा नंबर मी ‘प्लंबर’ म्हणून साठवला आणि माझी यादी दिली, तर त्याची ओळख मी ठरवली, त्याला न विचारता. छापील डिरेक्टरीत नाव नको असेल तर ग्राहक तसं सांगू शकत होता. इथे ज्याने ॲपचं नावही ऐकलेलं नाही तोही यादीत असू शकतो. फसवे कॉल ओळखायला या ॲपचा मोठा उपयोग होतो, हे खरं आहे. संमतीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही तितकंच खरं आहे.

दरम्यान नंबरवरचाच विश्वास ढासळला. इंटरनेटवरून कॉल करता येऊ लागले तसं पडद्यावर हवा तो नंबर दाखवणं स्वस्त आणि सोपं झालं. मग बँकेचा नंबर दिसतो आणि बोलतो भामटा, किंवा आपल्याच नंबरशी मिळतेजुळते आकडे दिसतात, म्हणजे जवळचं कुणी असेल समजून आपण कॉल घ्यावा. फसवण्याच्या हेतूने खोटा नंबर दाखवणं अमेरिकेने 2010 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. जून 2021 पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना आपल्या इंटरनेट-आधारित जाळ्यात स्टर/शेकन ही पद्धत लागू करावी लागली. कॉल जिथून सुटतो ती कंपनी त्यावर डिजिटल सही करते आणि या ग्राहकाला हा नंबर वापरण्याचा हक्क आहे की नाही, याबद्दल किती खात्री आहे ते ए, बी किंवा सी अशा दर्जाने कळवते. फोन करणारा प्रामाणिक आहे का, हे ती सही सांगत नाही.

भारतात दूरसंचार नियामक ट्रायने 2022 मध्ये यावर चर्चा सुरू केली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शिफारस केली की सिम घेताना अर्जात दिलेलं नाव कॉलसोबत दाखवावं. लोकांनी दिलेल्या लेबलपेक्षा हा आधार भक्कम आहे. पण अर्जातलं नाव सिम घेणाऱ्याचं असतं, आणि फोन मुलाच्या, सुनेच्या किंवा कामावरच्या माणसाच्या हातात असू शकतो.

बंद पडलेले नंबर काही काळाने नव्या ग्राहकाला दिले जातात, ही आणखी एक अडचण. आधीचा मालक कर्जबुडवा असेल तर वसुलीचे फोन नव्याला येतात, आणि आधीचा स्पॅमर असेल तर नव्याचे फोन कुणी उचलत नाही. अमेरिकेत 2021 पासून असे नंबर तपासण्यासाठी सरकारी साठा आहे, पण तो ग्राहकांना फोन करणाऱ्या कंपन्यांसाठी. ॲपवरच्या जुन्या लेबलांना तो हात लावत नाही. तिथलं नाव बदलायचं तर नव्या ग्राहकाला आधी कळायला हवं, की आपण फोन केला की समोर दुसऱ्याच कुणाचं नाव दिसतंय.