लकडी पूल पानशेतच्या पुरात वाहून गेला?

पुण्यात दर जुलैत पानशेतच्या पुराच्या आठवणी निघाल्या की कुणीतरी ठामपणे सांगतं: 'लकडी पूल तेव्हा खरंच लाकडाचा होता, पुरात वाहून गेला, मग आताचा पूल बांधला.' हे खरं नाही.

लाकडी पूल होता, पण पेशवाईत. तो १७६१ च्या सुमाराचा, म्हणजे पानिपतच्या वर्षातला. पराभूत सैनिकांना उजळ माथ्याने शहरात शिरायची लाज वाटत होती, म्हणून त्यांच्यासाठी तो घाईने उभारला, अशी कथा सांगतात. ती कथा म्हणूनच ऐकावी. मुठा नदीच्या पुरापुढे लाकूड टिकलं नाही आणि १८४० च्या दशकात, इंग्रजी अमलात, तिथे दगडी पूल झाला. नाव मात्र जुनंच राहिलं. सगळा घोळ इथेच आहे.

१२ जुलै १९६१ ला आंबी नदीवरचं, अजून पुरतं न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. त्या दिवशी पाण्याखाली गेला तो दगडी पूल. लाकूड जाऊन तेव्हा शंभरावर वर्षं झाली होती. पुरात माणसं गेली, संसार गेले. त्या दिवसाबद्दल बोलताना निदान एवढी अचूकता हवीच.

आज या पुलाचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल. अलका टॉकीज चौकातून डेक्कनला पायी जाणाऱ्यांचा हाच सरळ रस्ता, आणि डोक्यावरून आता मेट्रो जाते.