मांडीतली पाण्याची गाठ : पार्श्वभूमी

साक्री-शिरपूरकडच्या रुग्णाच्या मांडीत हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ दिसली, की आधी चरबीची गाठ वाटते, नाहीतर क्षयाचं थंड गळू. बहुतेकदा तसंच असतं. क्वचित मात्र आत पाण्याने भरलेली पिशवी निघते, हायडॅटिड सिस्ट. हा आजार मुख्यतः यकृत आणि फुप्फुसाचा. स्नायूत तो शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी रुग्णांना होतो. स्नायूची सततची हालचाल आणि तिथलं लॅक्टिक ॲसिड त्याला मानवत नाही, असं मानतात.

यकृतातल्या पाण्याच्या पिशव्या हिपोक्रेटिसच्या काळापासून ठाऊक होत्या, पण त्या येतात कुठून हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. 1850 च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ फॉन सीबोल्ड यांनी मेंढ्यांमधल्या अशा गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि कुत्र्यांच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे फीतकृमी तयार झाले. कुत्र्याच्या विष्ठेतली या कृमींची अंडी चाऱ्यातून मेंढीत आणि भाजी, पाणी, हात यांतून माणसात जातात. मटण खाऊन हा रोग होत नाही. गैरसमज मात्र तोच जास्त. धुळे-नंदुरबारच्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यांवर मेंढरं आणि कुत्री एकत्रच असतात. कापलेल्या जनावराचं गाठी असलेलं काळीज कुत्र्यापुढे टाकलं, की चक्र पूर्ण झालं.

निदान बराच काळ अडलेलंच होतं. इटलीच्या कासोनी यांची त्वचाचाचणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली, पण ती बेभरवशाची होती. खरी गाठ कळे ती टेबलावर, चीर दिल्यावर. हीच धोक्याची वेळ, कारण पाणी सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते आणि सांडलेल्या कणांतून नव्या गाठी उगवतात. म्हणून सोनोग्राफीने फरक पाडला तो न टोचता आत बघण्यात. 1981 मध्ये ट्युनिशियाच्या घर्बी यांनी सोनोग्राफीवरून गाठींचे प्रकार पाडले. गाठ नक्की काय आहे हे कळण्याआधी सुई घालू नये, हा आग्रह माझ्या मते आजही पुरेसा पाळला जात नाही.

यकृतातल्या काही गाठी आता औषध चालू ठेवून सुईनेही रिकाम्या करतात. स्नायूतली मात्र शक्यतो न फोडता, अख्खी काढतात. आजूबाजूला तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले गॉजचे तुकडे ठेवून. सोबत अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध, तेही स्निग्ध जेवणाबरोबर, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. खान्देशात तेलाचा हात सैल असल्याने ही अट जड जाऊ नये. गोळ्या चालू असताना यकृताच्या रक्ततपासण्या आणि नंतर काही वर्षं अधूनमधून सोनोग्राफी करावी लागते.