बाळाच्या मेंदूतली कापाकापी

परवा ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. लहान बाळाच्या मेंदूत दर सेकंदाला दहा लाख नवी कनेक्शन्स तयार होतात, त्यामुळे पहिल्या तीन वर्षांत जितकं शिकवाल तितका मेंदू वाढेल, आणि खाली अर्थातच फ्लॅश कार्डांची आणि व्हिडिओंची लिंक. आता दहा लाखांचा आकडा काही हवेतला नाही, हार्वर्डचं बालविकास केंद्रही तो सांगतं. घोळ आहे तो "त्यामुळे" या शब्दात.

नवजात बाळाचा मेंदू साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो, मोठ्या माणसाचा 1300-1400. पण मेंदूच्या बाहेरच्या थरातले म्हणजे कॉर्टेक्समधले न्यूरॉन (संदेश वाहणाऱ्या पेशी) जवळजवळ सगळे जन्माआधीच बनलेले असतात. मग वाढतं काय? तर त्यांच्या फांद्या, त्यांच्यावरचं मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण आणि एका न्यूरॉनचा दुसऱ्याशी जोड, म्हणजे सिनॅप्स.

हे सिनॅप्स शिकागोचे मेंदूतज्ज्ञ पीटर हुटेनलोखर यांनी चक्क बसून मोजले. वेगवेगळ्या वयात वारलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवायचे आणि मोजायचं, बास. 1979 साली त्यांनी आकडे छापले तेव्हा दिसलं की एक-दोन वर्षांच्या मुलाच्या पुढच्या कॉर्टेक्समध्ये सिनॅप्सची दाटी मोठ्या माणसाच्या साधारण दीडपट असते आणि तिथून पुढे ती पौगंडावस्थेपर्यंत कमीच होत जाते. म्हणजे हा लेख वाचणारे तुम्ही, तुमच्या मांडीवरच्या पोरापेक्षा विरळ जोडांवर काम चालवताय!

आणि सुरुवातीची ती भरमसाट वाढ शिकवण्यामुळे होते का? माकडांवर एक छान प्रयोग झालाय. पिल्लं तीन आठवडे आधीच जन्माला आणली, म्हणजे डोळ्यांना प्रकाश, रंग, हालचाल सगळं लवकर मिळालं, तरी दृष्टीच्या कॉर्टेक्समधले सिनॅप्स वाढण्याचं वेळापत्रक काही पुढे सरकलं नाही. ते गर्भधारणेपासूनच्या वयानुसारच चाललं. माल आधी भरून ठेवायचा हे जनुकं ठरवतात. त्यातला ठेवायचा कुठला आणि टाकायचा कुठला, हे मात्र अनुभवावर ठरतं, आणि मला खरी मजा वाटते ती या टाकण्याची.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या, काम जंतू आणि कचरा खायचं. त्याच पेशी वाढत्या मेंदूत सिनॅप्स खातात. उंदराच्या पिल्लात दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या तंतूंची थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागात जागेसाठी मारामारी चालू असते. संशोधकांनी एका डोळ्याचे सिग्नल औषधाने बंद पाडले, तर मायक्रोग्लियांनी त्या गप्प पडलेल्या डोळ्याचे जोड जास्त खाल्ले. त्यांना खायचं कुठे हे कळतं कसं तर C1q आणि C3 ही प्रोटीन्स त्यात लागतात, एरवी ती जंतूंवर खूण करायला वापरली जातात, सिनॅप्सवर C3 चा तुकडा चिकटला की मायक्रोग्लियावरचा CR3 रिसेप्टर तो पकडतो, शिवाय CD47 नावाचं "मला खाऊ नका" म्हणणारं प्रोटीनही असतं, म्हणजे खायच्या आणि न खायच्या अशा दोन्ही पाट्या लागलेल्या. बरं, नावं विसरलात तरी चालेल, जंतू मारायचं हत्यारच मेंदू घडवायला वापरलंय एवढं लक्षात ठेवा.

कमी करून तयार होण्याचा आणखी एक नमुना आपल्याच अक्षरांचा आहे. 1984 मध्ये कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. बाळ आईच्या मांडीवर, आवाज चालू, आवाज बदलल्यावर मान वळवली की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळून हलतं. अशा प्रयोगात आईच्या कानावर हेडफोन असतात, नाहीतर नकळत तीच बाळाला इशारा द्यायची. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या जवळपास कोणालाच नाही. हिंदी घरातल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र कळतच होता. हे थेट सिनॅप्स खाल्ल्यामुळेच झालं असं म्हणता येत नाही, आणि ते कायमचं बंदही होत नाही, सरावाने मोठ्यांचे कान बरेच सुधारतात. पण वर्षाच्या आत बाळ "तज्ज्ञ" होतं ते न लागणारे फरक सोडून देऊन.

त्यामुळे असल्या फॉरवर्डांमधून पसरणारी "तीन वर्षांनंतर दारं बंद" ही भीतीही निम्मी खोटी आहे. जन्मजात मोतीबिंदू असेल तर तो पहिल्या काही आठवड्यांत काढावा लागतो, तिथे घाई खरी आहे. शब्द, गणित, इतिहास यांना असलं कुठलंही दार नसतं. आणि मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला लावणारे मिडब्रेन अॅक्टिव्हेशनचे क्लासवाले असतात ना, त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो की पट्टीखाली नाकाजवळ फट असते.

आता ती फ्लॅश कार्डं आणि व्हिडिओ. 2003 साली संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी खरी माणसं खेळत, पुस्तक दाखवत बोलली. दुसऱ्याला तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर. माणसांशी खेळलेली बाळं मँडरिनमधले आवाज तैवानच्या बाळांइतकेच ओळखायला लागली. टीव्हीवाली बाळं मँडरिन कधीच न ऐकलेल्या बाळांइतकीच कोरी राहिली.