साखरेचा परत ऊस

सांगलीकराला कारखाना समजावून सांगावा लागत नाही. गव्हाणीत मोळी पडली की रस, पाक, साखर, पोतं. मधे कुणी घमेल्याने रस वाहून नेत नाही. चिपच्या डिझाइनमध्ये मात्र एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर काम नेण्याची ही वाहतूक बरीच वर्षं माणसंच करत होती.

१९७१च्या इंटेल ४००४ या चिपमध्ये जेमतेम २३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे चिमुकले स्विच. त्याचा नकाशा लाल फिल्मवर सुरीने कापून काढला होता. २०२०च्या ॲपल एम१ चिपमध्ये १६०० कोटी आहेत. तिथे सुरी काय करणार? आता योसिससारखं सॉफ्टवेअर व्हेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेतल्या वर्णनातून लॉजिक गेट (ट्रान्झिस्टरचे छोटे हिशेबी गट) काढतं, दुसरं ते जागेवर मांडतं, तिसरं तारा ओढतं, चौथं नियम तपासतं.

घोळ होतो तो अशा दोन सॉफ्टवेअरच्या, म्हणजे टूलच्या, मधे. एक मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) बोलतं, तर दुसऱ्याच्या फाइलीत त्याच मायक्रॉनचे १००० भाग. शिवाय प्रत्येकाची कमांड वेगळी. बर्कली विद्यापीठात चिप-टूल बनवणारे जॉन औस्टरहाउट यालाच कंटाळले आणि १९८८मध्ये त्यांनी कुठल्याही टूलच्या पोटात बसेल अशी छोटी भाषा केली: टिकल. दिसायला ओबडधोबड, पण चिपवाल्यांचं आजही तिच्यावाचून पान हलत नाही.

विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत ओपनलेन चालतं. हे अशाच टिकलने बांधलेल्या मोफत टूलची साखळी. एका गुणाकाराच्या सर्किटला १० नॅनोसेकंदांचं क्लॉक दिलं होतं, म्हणजे एका ठोक्यात सिग्नलने तेवढ्याच वेळात पोचायचं. रिपोर्टमध्ये स्लॅक उणे ०.४. म्हणजे सर्वांत लांबच्या वाटेने सिग्नल ०.४ नॅनोसेकंद उशिरा पोचतो. टूलने गेट मोठी केली, वाटेत सिग्नलला जोर देणारे बफर घातले. त्यांनी जागा खाल्ली, तारांना वळसा पडला, वळशाने पुन्हा उशीर. म्हणून मागे जाऊन मांडणी नव्याने करायची. कारखान्यात साखरेचा परत ऊस होत नाही; इथे रात्रीतून चारदा होतो.

हे मागे-पुढे माणसाशिवाय, तेही २४ तासांत व्हावं, हे अमेरिकेतल्या ओपनरोड प्रकल्पाचं २०१८पासूनचं उद्दिष्ट. माझ्या लॅपटॉपने मात्र पहाटे हात टेकले. मी क्लॉक १२ नॅनोसेकंदांचं केलं, १०० मेगाहर्ट्झवरून ८३वर आलो. थोडक्यात, गाळप कमी केलं.