गरम खोलीतला योग: सवय कशी लावावी, शरीर कसं सांभाळावं

नव्या साधकांसाठी माहितीपत्रक, सातारा

वर्गाची चौकशी करायला येणाऱ्यांचे प्रश्न बहुधा दोनच असतात. एवढ्या उकाड्यात आसनं करायची कशाला, आणि मला ते झेपेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण लोक तिथेच अडतात. झेपतं, पण पहिल्या दिवशी नाही, आणि बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही नाही. उष्णतेची सवय शरीराला लावून घ्यावी लागते आणि त्याला आठवडे लागतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून चांगली धडधाकट माणसंही दोन वर्ग करून सोडून देतात. त्यांनी सोडू नये म्हणून हे पत्रक. नाव नोंदवण्याआधी घरी नेऊन सावकाश वाचा. घरात कुणाला बीपी किंवा शुगर असेल आणि त्यांनाही यायचं असेल, तर त्यांना आवर्जून वाचायला द्या.

आता पहिला प्रश्न. गरम खोलीत स्नायू लवकर सैल होतात, थंडीत आखडलेली पाठ आणि मांड्या लवकर मोकळ्या होतात, आणि तासभर लक्ष श्वासावरून हलत नाही. बऱ्याच जणांना वर्गानंतर झोप छान लागते. मात्र लवचिकता, तोल, ताकद हे योगाचे बाकीचे फायदे साध्या खोलीतही मिळतात. उष्णता मानवत नसेल तर आमच्याच सकाळच्या साध्या वर्गाला या. तो कमी दर्जाचा आहे असं आम्ही मानत नाही.

हा प्रकार आला कुठून

कोलकात्यात बिष्णुचरण घोष यांची व्यायामशिक्षणाची मोठी परंपरा होती. त्यांचे शिष्य बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार लोकप्रिय केला. २६ आसनं, २ श्वसनप्रकार, ९० मिनिटं, खोलीचं तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० टक्के, असा त्याचा साचा. या आसनक्रमावर कुणाची मालकी असू शकते का, हा वाद अमेरिकेतल्या न्यायालयात गेला आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की आसनांच्या क्रमावर कॉपीराइट लागू होत नाही.

आमचा वर्ग त्या साच्यातून निघाला असला तरी तसाच्या तसा नाही. आम्ही खोली ३६-३७ अंशांवर ठेवतो, वर्ग ६० मिनिटांचा असतो आणि सुरुवात संथ सूर्यनमस्कारांनी होते. मूळ क्रमात सूर्यनमस्कार नाहीत. पण आपल्याच जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले, घरोघरी त्यांचा प्रसार केला. साताऱ्यात योग शिकवताना ते वगळणं आम्हाला पटलं नाही. शिवाय अंग तापवायला त्याहून चांगलं काही नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत शरीरात काय होतं

शरीर थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता टपटप गळणारा घाम काहीही थंड करत नाही. "आम्ही एप्रिल-मेच्या उन्हात शेतात राबतो, आम्हाला काय होतंय" असं पुष्कळ जण म्हणतात. उन्हाची सवय असलेल्याला फायदा होतो, हे खरं. पण साताऱ्याचा उन्हाळा कोरडा असतो आणि त्या हवेत घाम झटकन वाळतो. बंद खोलीत, माणसांच्या श्वासानं आणि घामानं दमट झालेल्या हवेत तो तितका वाळत नाही. तापमान तेच असलं तरी शरीरावरचा ताण वाढतो, आणि रानात दिवसभर काम करणारा माणूसही पहिल्या वर्गात धापा टाकतो.

अंग तापलं की त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं. त्याच वेळी स्नायूही रक्त मागत असतात. हृदयाला दोन्हीकडे पुरवायचं असतं, म्हणून साध्या वीरभद्रासनातही छाती धडधडते. रोज किंवा एक दिवसाआड उष्णतेत व्यायाम होत राहिला की पहिल्या काही दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त पुढे जातं आणि नाडी खाली येते. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, पण त्यातून मीठ कमी जातं. रोज सराव असेल तर हा सगळा बदल साधारण एक ते दोन आठवड्यांत होतो. आठवड्यातून तीनदा येणाऱ्याला त्याहून जास्त दिवस लागतात.

म्हणून आमचा आग्रह नियमितपणाचा आहे. रविवारी एकदाच येऊन जीव तोडून वर्ग करणाऱ्याचं शरीर दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. त्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा येऊन निम्मीच आसनं करणारा महिन्याभरात पुढे जातो. नव्या साधकांना आम्ही पहिले पाच-सहा वर्ग दाराजवळ, हीटरपासून लांब बसवतो आणि प्रत्येक आसन एकदाच करायला सांगतो. मधे आडवं व्हावंसं वाटलं तर शवासनात पडा. बाहेर निघून जाऊ नका, खोलीतच पडून राहा. खोलीत नुसतं पडूनही शरीराला उष्णतेची सवय होत असते. अपवाद एकच, तब्येत बिघडल्यासारखी वाटली तर. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

किती जोर लावायचा हे ओळखायला आम्ही एकच खूण शिकवतो: नाकानं श्वास. तोंड उघडून श्वास घ्यावा लागला की त्या आसनातून बाहेर यायचं. शेजारचा काय करतोय हे पाहायचं नाही.

पाणी, मीठ आणि जेवण

व्यायामानंतर लगेच पाणी पिऊ नये असं आपल्याकडे घराघरांत सांगतात. गरम खोलीच्या बाबतीत ते पाळू नका. तहान लागली की घोट-घोट पाणी प्या, वर्ग चालू असतानाही. ढसाढसा मात्र पिऊ नका; पोट डचमळतं आणि पुढे वाकताना मळमळतं.

किती घाम जातो हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. वर्गाआधी आणि वर्गानंतर अंग पुसून, शक्यतो सारख्याच कपड्यांत वजन करा. अर्धा किलो कमी भरलं म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी गेलं. ते पुढच्या तीन-चार तासांत, थोडं वाढवूनच, भरून काढायचं. हे कमी झालेलं वजन पाण्याचं असतं, चरबीचं नाही. आमच्याकडे येऊन "एका तासात एक किलो" उतरलं असं कुणी सांगत असेल तर कृपया त्यावर विश्वास ठेवू नका. घामातून "विष" बाहेर पडतं, हेही तसंच. घामात जवळपास सगळं पाणी आणि थोडं मीठ असतं. शरीरातली नको ती द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

घामाबरोबर मीठ जातं, म्हणून नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिणंही धोक्याचं. रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि फारच झालं तर माणूस गोंधळल्यासारखं वागतो. त्यावर घरचे उपाय उत्तम आहेत: मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, नाचणीची आंबील. खूप घाम गेला असेल, पोटऱ्यांत गोळे येत असतील, तर मेडिकलमधली ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात घोळून प्या. अंदाजानं पाणी कमी-जास्त करू नका. बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारावं.

भरपेट जेवणानंतर तीन तास तरी वर्ग नको. अगदी उपाशी पोटीही नको. तासभर आधी एखादं केळं किंवा शेंगदाण्याचा छोटा लाडू पुरतो. एकादशीला, श्रावणी सोमवारी, नवरात्रात कडक उपास करणाऱ्यांनी त्या दिवशी साध्या वर्गाला यावं. निर्जळी उपास असेल तर गरम वर्गाला आम्ही बसवत नाही.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी

चक्कर बहुतेक वेळा एकाच जागी येते: पादहस्तासनातून, म्हणजे उभ्यानं पुढे वाकून हात पायांशी नेण्याच्या आसनातून, वर उठताना. गरमीनं पायातल्या आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, रक्त खाली साचतं, आणि माणूस झटक्यात सरळ झाला की मेंदूला क्षणभर कमी रक्त मिळतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून आमच्याकडे वर येण्याची रीत ठरलेली आहे. आधी गुडघे वाकवायचे, हात मांड्यांवर टेकवायचे, श्वास घेत अर्ध्यावर यायचं, तिथे एक श्वास थांबायचं, मग पाठ सरळ करायची आणि मान सगळ्यात शेवटी उचलायची. ही सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

मळमळ बहुधा उष्ट्रासनात, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकण्याच्या आसनात, येते. ते वर्गाच्या शेवटाकडे असतं, अंग थकलेलं असतं, आणि छाती उघडून मान मागे गेली की एकदम कसंतरी होतं. काहींना रडूही येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हात कमरेवरच ठेवा, मान मागे टाकू नका, आणि बाहेर आल्यावर शशांकासनात, म्हणजे टाचांवर बसून पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवून, बसा.

मात्र पुढची लक्षणं वेगळी आहेत. थंडी वाजून अंगावर शहारे येणं, घाम अचानक थांबणं, डोकं ठणकणं, ओकारी, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ: यांतलं काहीही जाणवलं तर लगेच शिक्षकांना सांगा. तुम्ही सांगितलं नाही आणि शेजाऱ्याच्या लक्षात आलं तर शेजाऱ्यानं सांगावं. आम्ही तुम्हाला थंड जागी नेतो, पाय वर करतो, मानेला, काखेत, जांघेत ओले टॉवेल लावतो, पंखा लावतो. माणूस गोंधळलेला असेल, नीट उत्तरं देत नसेल, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत राहायचं आणि १०८ ला फोन करायचा. अशा वेळी तोंडात पाणी घालायचं नाही.

ताणाचा धोका

हा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चक्कर लगेच कळते आणि ही इजा दुसऱ्या दिवशी कळते. गरम खोलीत स्नायू सैल होतात आणि दुखणंही कमी जाणवतं. एरवी नडगीपर्यंत पोचणारे हात जमिनीला टेकतात. आनंद होतो, माणूस आणखी खेचतो. पण लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, स्नायूंसारखे ताणून पूर्ववत होत नाहीत. एकदा सैल झाले की सांधा सैलच राहतो.

सर्वाधिक तक्रार मांडीच्या मागच्या स्नायूची. दुखतं कुठे ते बघा. मांडीच्या मधोमध ओढ बसली तर ठीक. पण बसताना जे हाड जमिनीला टेकतं, बरोबर त्याच्याखाली टोचल्यासारखं दुखत असेल, तर स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे इजा होते आहे. ती बरी व्हायला महिने लागतात. तिथे दुखलं की गुडघे वाकवा आणि काही आठवडे पुढे वाकणारी आसनं अर्धीच करा. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल तर गुडघा पूर्ण ताठ करून मागे ढकलू नका. साध्या खोलीत जितकं वाकता येतं त्याच्यापुढे बोटभरच जायचं, असा आमच्याकडे नियम आहे. जन्मतः सांधे सैल असणाऱ्या मुली-बायकांनी तर तेवढंही जाऊ नये. त्यांना ताणापेक्षा ताकदीची गरज असते.

कुणी येऊ नये

गरोदरपणात गरम वर्ग अजिबात नको, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. आईच्या शरीराचं तापमान फार वाढलं तर बाळाच्या मज्जासंस्थेच्या वाढीला धोका असतो. दिवस गेल्याची शक्यता वाटत असेल तरी थांबा. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी उष्माघात झालेला असणं, मल्टिपल स्क्लेरॉसिस, यांपैकी काहीही असेल तर आम्ही प्रवेश देत नाही. काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली जाणारी आसनं टाळायची आहेत, ते नोंदणीच्या वेळी सांगा.

औषधांबद्दल लपवू नका. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, नाडी मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांमुळे उष्णता सोसायची ताकद कमी होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की गरम अंगात ते लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग बोलू. ताप, जुलाब, आदल्या रात्रीचं मद्यपान किंवा जागरण असेल त्या दिवशी सुट्टी घ्या. आजारपणाचे बुडलेले वर्ग आम्ही पुढच्या महिन्यात भरून देतो.

पावसाळा आणि खंड

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात कपडे वाळत नाहीत, बाहेर गारठा असतो, आणि लोक घामानं भिजलेल्या टी-शर्टवरच रेनकोट चढवून गाडीला किक मारतात. तसं करू नका. पंधरा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसा, अंग कोरडं करा, अंतर्वस्त्रांसकट कपडे बदला आणि मगच निघा. नुकत्याच गरम खोलीतून आलेल्या माणसाला गाडीवर चक्कर येण्याची भीती असते, म्हणून हा नियम बारा महिने आहे. ओली मॅट गुंडाळून ठेवली तर दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. घरी दोरीवर उलगडून टाका.

लग्नसराई, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, सुगी यांत खंड पडणारच. आठवडाभर चुकलं तर फारसं बिघडत नाही. तीन-चार आठवडे गेले की उष्णतेची सवय बहुतेक मोडलेली असते. परत आल्यावर पुन्हा दाराजवळची जागा घ्या आणि पहिला आठवडा नव्या साधकासारखा करा. आसनं आठवत असतात, त्यामुळे जोर लावायचा मोह होतो, आणि इजा याच आठवड्यात होतात. जुन्या साधकांना आम्ही हे तोंडावर बजावतो, राग मानू नये.

पहिल्या दिवशी वर्गाच्या वीस मिनिटं आधी या, तब्येतीचा फॉर्म भरायचा असतो. सोबत दोन टॉवेल, एक मॅटवर अंथरायला आणि एक अंग पुसायला, पाण्याची बाटली आणि बदलायचे कपडे आणा. कपडे सुती आणि सैलसर चालतील. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी ठेवा. घामानं निसरडे झालेले हात आधीच सटकतात. मोबाइल खोलीत नेता येत नाही, घरच्यांना तसं सांगून या.